वाळत्या चिकणमातीच्या भेगा: ट्रे आणि स्प्रिंगजाळी, प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

काम असं: चिकणमातीचा थर वाळताना कुठे, कधी आणि कोणत्या क्रमाने भेगाळतो हे गणितात (गाठी आणि स्प्रिंगांच्या जाळीच्या प्रतिकृतीत) मांडायचं आणि ट्रेमधल्या खऱ्या थराशी ताडून बघायचं. क्रम हा शब्द मुद्दाम घातला आहे. शेवटचं चित्र सारखं दिसलं म्हणून प्रतिकृती बरोबर ठरत नाही. भेगांनी शेवटी व्यापलेलं क्षेत्र हा एकच आकडा जुळवायचा असेल तर आकुंचनाचा गुणांक थोडा वरखाली केला की कुठलीही प्रतिकृती जुळते. त्यामुळे कसोट्या तीन ठेवल्या आहेत: पहिली भेग किती ओलीला येते (ओल म्हणजे पाण्याचं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन, म्हणून ती १०० टक्क्यांवरही जाते), थराची जाडी बदलली की भेगांमधलं अंतर कसं बदलतं, आणि दोन भेगा एकमेकींना कोणत्या कोनात भेटतात.

मातीच्या चाचण्या झाल्या. द्रव सीमा (या ओलीच्या वर माती वाहू लागते) ६८ टक्के, प्लास्टिक सीमा (हिच्या खाली वळताना तुटते) ३० टक्के, आकुंचन सीमा (हिच्या खाली आक्रसणं थांबतं) १४ टक्के, कणांचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) २.७०. म्हणजे भरपूर फुगणारी आणि तितकीच आक्रसणारी माती. तिच्यातलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याच्या कणांचं एकूण पृष्ठफळ दर ग्रॅमला ७०० ते ८०० चौरस मीटरपर्यंत जातं, केओलिनाइटचं साधारण १० ते २०. पाणी धरून ठेवणं आणि ते सोडताना आक्रसणं, दोन्हीचं मूळ इथे आहे.

५ फेब्रुवारी

चिखल तयार केला. वाळवून फोडलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढली, शुद्ध पाण्यात कालवली आणि झाकून २४ तास मुरत ठेवली. मुरू न देता ओतलेल्या चिखलात कोरड्या मातीच्या बारीक गुठळ्या राहतात. त्या नंतर फुगतात आणि थरात जागोजागी कच्चे ठिपके तयार होतात. ओल द्रव सीमेच्या दीडपट, म्हणजे १०२ टक्के.

ट्रेचं माप आतून ३०० बाय ३०० मिलिमीटर, थर १० मिलिमीटर. हिशेब आधीच मांडून ठेवला, कारण पुढची प्रत्येक तपासणी यावरच चालणार आहे. १ ग्रॅम कोरड्या मातीमागे घनफळ मातीचं ०.३७ अधिक पाण्याचं १.०२, म्हणजे १.३९ घन सेंटिमीटर, आणि वजन २.०२ ग्रॅम. घनता १.४५. ९०० घन सेंटिमीटर चिखलाचं वजन साधारण १,३०८ ग्रॅम, त्यात माती ६४७ ग्रॅम आणि पाणी ६६० ग्रॅम. ओतल्यावर काट्यावर यापेक्षा १५ ग्रॅमहून जास्त फरक आला तर आत हवा राहिली आहे किंवा जाडी चुकली आहे असं धरायचं.

९ फेब्रुवारी

पहिला ट्रे बाद. कारणं दोन, आणि दोन्ही तळाशी व कडेला होती, मातीत नव्हे.

तळाला पकड यावी म्हणून साधा पॉलिश पेपर चिकटवला होता. त्याची पाठ कागदाची. ती भिजून फुगली आणि तिला सुरकुत्या पडल्या. पहिल्या तीन भेगा बरोबर सुरकुत्यांवरून गेल्या. आता तळाला इपॉक्सीचा पातळ हात देऊन त्यावर वाळू पेरली आहे, ६०० मायक्रॉनमधून गेलेली आणि ४२५ वर राहिलेली. इपॉक्सी घट्ट झाल्यावर सुटी वाळू ब्रशने झाडून टाकली.

दुसरं कारण बुडबुडे. चिखल मध्यभागी वरून ओतला की हवा आत कोंडते. थर वाळून खाली बसतो तसे बुडबुडे पृष्ठभागाशी येतात आणि प्रत्येकापासून तीन-तीन भेगांची चांदणी फुटते. आता ट्रे थोडा तिरका धरून एका कडेने ओतायचा, मग ५ मिनिटं ट्रेच्या चारही बाजूंना हलके टिचके द्यायचे आणि वर आलेले बुडबुडे सुईने फोडायचे. कडांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात, म्हणजे थर भिंतीपासून सहज सुटतो. भिंतीला चिकटून राहिला तर ताण कडांमधूनही येतो आणि तळाची पकड वेगळी काढता येत नाही.

दिवाही बदलला. एका बाजूने तापणाऱ्या दिव्यामुळे ती बाजू आधी वाळत होती आणि दिव्याकडच्या कडेला समांतर भेगा येत होत्या. आता कमी तापणारे एलईडी चारही बाजूंनी, पंखा बंद.

१३ फेब्रुवारी

दुसरा ट्रे स्वच्छ गेला. दर १० मिनिटांनी वरून एक फोटो, काटा ०.१ ग्रॅमपर्यंत वाचणारा, बाजूला तापमान आणि आर्द्रतेची नोंद.

पाणी सुटण्याचा वेग पहिला दिवसभर जवळजवळ एकसारखा होता, तासाला १०.८ ग्रॅम, म्हणजे ०.१२ मिलिमीटर. पहिली भेग २४ व्या तासाला. तोवर २५९ ग्रॅम पाणी गेलं होतं, म्हणजे ओल १०२ वरून ६२ टक्क्यांवर आलेली. द्रव सीमेच्या जरा खाली. थराची जाडी तेव्हा ७.१ मिलिमीटर. पूर्ण संपृक्त (सगळी छिद्रं पाण्याने भरलेला) थर फक्त खाली बसत गेला असं धरून हिशेब केला तर १० गुणिले ०.९९ भागिले १.३९, तेही ७.१ येतं. म्हणजे भेग पडली त्या क्षणी मातीत हवा शिरलेली नव्हती.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. भेग म्हणजे कोरडेपणाची खूण असं सहज वाटतं. इथे हाताने दाबली तर बोट रुतेल इतकी माती मऊ आहे, सगळी छिद्रं पाण्याने भरलेली आहेत, आणि तरी ती फाटते. पृष्ठभागावर पाण्याचे वक्र पडदे तयार होतात, ते पाण्याला ओढतात आणि पाणी मातीला ओढतं. या ओढीला सक्शन म्हणतात. ती मोजणाऱ्या लहान टेन्सिओमीटरवर तेव्हाचं सक्शन ९ किलोपास्कल होतं. १ मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात हवा घुसायला साधारण १४४ किलोपास्कल लागतात. ९ किलोपास्कलला हवा फक्त १६ मायक्रॉनपेक्षा मोठ्या छिद्रात शिरेल, आणि या मातीत अशी छिद्रं म्हणजे राहून गेलेला एखादा बुडबुडा किंवा ओरखडा. पहिली भेग बरोबर अशाच ठिकाणी सुरू झाली: पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढा खळगा, तिथून केसासारखी रेघ दोन्ही दिशांना निघाली आणि तासाभरात ट्रेच्या कडांना जाऊन भिडली. दुसरी भेग तिच्याकडे तिरकी येत होती. अखेरच्या ८-१० मिलिमीटरमध्ये तिने वळण घेतलं आणि पहिलीला काटकोनात भेटली.

काटकोनाचं कारण साधं आहे. उघडलेल्या भेगेच्या काठावर आडवा ताण शून्य होतो, भेगेच्या दिशेतला ताण मात्र शिल्लक असतो. नवी भेग उरलेल्या ताणाला आडवी जाते, म्हणजे जुन्या भेगेला लंब.

१६ फेब्रुवारी

फोटोंवरून भेगा मोजण्याची पद्धत बसवली. १ पिक्सेल म्हणजे ०.१ मिलिमीटर. ओत्सूची उंबरठा-पद्धत (ठरावीक उजेडाच्या खालचं सगळं काळं धरणारी) थेट लावली तर ती भेगा नसलेल्या फोटोतही भेगा दाखवते, कारण ती चित्राचे काळे-पांढरे असे दोन भाग करतेच. पहिल्या दिवशी ती ओलसर गडद पट्ट्यांना भेगा समजत होती. चिकणमाती वाळताना फिकी पडते आणि एकसारखी पडत नाही, हे त्यामागचं कारण. आता प्रत्येक ठिकाणच्या आसपासच्या सरासरीशी तुलना करून उंबरठा ठरवला आहे आणि ३० पिक्सेलपेक्षा लहान ठिपके काढून टाकले आहेत.

पूर्ण वाळल्यावर भेगांचं क्षेत्र २१ टक्के. हा आकडा कॅमेऱ्यावर विसंबून न ठेवता पडताळला. आकुंचन सीमेपर्यंत घनफळ ०.५१ भागिले १.३९, म्हणजे मूळच्या ३६.७ टक्के उरतं. क्षेत्र ७९ टक्के उरलं असेल तर जाडी ४.६५ मिलिमीटर हवी. व्हर्नियरने दहा खपल्या मोजल्या: ४.५ ते ४.८. पटलं.

याच हिशेबातून एक चूक आधीच टळली. एकूण ६३ टक्के आकुंचन तिन्ही दिशांना सारखं वाटायचं नाही. पहिल्या २४ तासांतलं सगळं आकुंचन उभ्या दिशेतच गेलं. भेग पाडणारा आडवा ताण त्याच्या अगदी अखेरीस साठू लागतो. जाळीत आकुंचन सुरू करायचं ते ६२ टक्के ओलीच्या थोडं आधीपासून, १०२ पासून नव्हे.

२० फेब्रुवारी

वाळण्याचं गणित. आधी रिचर्ड्सचं समीकरण (मातीतून पाणी कसं सरकतं याचं) आणि व्हॅन गेनुख्टेनची वक्ररेषा (सक्शन वाढतं तसं मातीत किती पाणी उरतं याची) घेतली, नेहमीच्या चिकणमातीच्या कोष्टकातले आकडे घालून: घातांक १.०९. दोन अडचणी आल्या. एक गणनेची: घातांक १ च्या इतका जवळ असला की संपृक्त अवस्थेपासून जरासं दूर गेल्याबरोबर पारगम्यता (पाणी वाहू देण्याची क्षमता) एकदम कोसळते आणि वेळेची पायरी सेकंदाच्या अंशावर येऊन अडकते. ही अडचण संपृक्त अवस्थेजवळ वक्ररेषा थोडी सपाट करून सुटते.

दुसरी अडचण मुळातली आहे. हे समीकरण मातीचा सांगाडा ताठ मानतं. पाणी गेलं की जागी हवा आली, असं. आमच्या थरात पाणी जातं तेवढं घनफळच कमी होतं आणि छिद्रं भरलेलीच राहतात. ताठ सांगाड्याच्या गणिताने २४ व्या तासाला थर बराचसा हवेने भरलेला दाखवला, जो काट्याच्या आणि जाडीच्या नोंदीशी उघड विसंगत आहे. म्हणून संपृक्त टप्प्यासाठी रिक्तता-गुणोत्तर (छिद्रांचं घनफळ भागिले कणांचं घनफळ) आणि सक्शन यांचं नातं घेऊन मोठ्या आकुंचनाचं दृढीकरण समीकरण (पाणी निघून थर दबत जाण्याचं) वापरलं, गिब्सन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या धर्तीवर. कणांबरोबर सरकणारे निर्देशांक घेतले की खाली बसणारा पृष्ठभाग वेगळा हाताळावा लागत नाही.

वरच्या सीमेवर बाष्पीभवनाचा मोजलेला वेग लावायचा. थेट हवेचं सक्शन लावू नये. ५० टक्के आर्द्रतेची हवा म्हणजे २५ अंशांना जवळपास ९५ मेगापास्कल सक्शन. एवढा आकडा सीमेवर दिला की पहिल्याच पायरीत वरची गाठ कोरडी होते आणि खालच्या ओल्या थराचा संपर्क तुटतो.

निकाल सोयीचा आहे. ७ मिलिमीटर जाडीत ओलीचा फरक पसरून सारखा व्हायला दीडेक तास लागतो, वाळायला दिवस. १० मिलिमीटरच्या थरात ओल खोलीभर जवळजवळ सारखी मानता येते आणि भेगांसाठी वरून पाहिलेली सपाट जाळी पुरते. २० मिलिमीटरच्या थरात हे गृहीत ताणलं जाईल.

२५ फेब्रुवारी

जाळीला लागणारे दोन महत्त्वाचे आकडे मोजले: ताणशक्ती (माती किती ताणाला तुटते) आणि तळाची घसरण-मर्यादा (थर तळावरून किती ओढीला सरकतो).

ताणशक्तीसाठी इंग्रजी आठच्या आकाराचा दोन तुकड्यांचा साचा केला, मानेचं छेदक्षेत्र २५ बाय २५ मिलिमीटर. एक तुकडा पक्का, दुसरा बारीक रोलरवर. ६२ टक्के ओलीला मान ३.७ ते ३.८ न्यूटनला तुटते, म्हणजे ६ किलोपास्कल. नमुना उभा टांगून हे होणार नाही, तो स्वतःच्या वजनानेच लांबतो. रोलरचं स्वतःचं घर्षण रिकाम्या साच्यावर मोजून वजा करायचं. ते ०.२ न्यूटन भरलं, आणि एवढ्या लहान बलात ते दुर्लक्षून चालत नाही.

घसरणीसाठी १०० बाय १०० मिलिमीटरचा तुकडा त्याच वाळू-इपॉक्सीच्या पाटावर ओतून वाळवला आणि ताणकाट्याने आडवा ओढला. ओढ तळाच्या अगदी जवळून द्यावी. उंचावरून दिली तर तुकडा पुढच्या काठावर रुततो आणि बल वाढून दिसतं. २४ न्यूटनला सरकला: २.४ किलोपास्कल.

४५ टक्के ओलीला दोन्ही आकडे तिपटीने वाढले, ताणशक्ती १९ आणि घसरण ७.५. पण त्यांचं गुणोत्तर दोन्ही वेळा अडीचच्या आसपासच राहिलं. भेगांमधलं अंतर सुरुवातीला ठरतं आणि मग फारसं बदलत नाही, ते यामुळे. माती घट्ट होते तशी तळाची पकडही घट्ट होते.

२ मार्च

सपाट जाळीकडे जाण्याआधी एका रेषेतली तपासणी. स्प्रिंगांची पट्टी, प्रत्येक गाठ तळाशी आणखी एका स्प्रिंगने बांधलेली. इथे एकच लांबी सगळं ठरवते, तिला आम्ही पकड-लांबी म्हणतो: भेगेपासून किती अंतरावर ताण पुन्हा भरून येतो ती लांबी. मातीचा लवचिकता-गुणांक (तिच्या ताठरपणाचं माप) गुणिले जाडी भागिले तळाच्या स्प्रिंगची ताठरता, त्याचं वर्गमूळ. तपासणीसाठी ती १५ मिलिमीटर घेतली, गाठी ३ मिलिमीटरवर.

१२० मिलिमीटरच्या पट्टीत मध्यावरचा ताण पूर्ण जखडलेल्या ताणाच्या (थराला अजिबात आक्रसू दिलं नाही तर येणाऱ्या ताणाच्या) ९६ टक्के आला, हाताने केलेल्या हिशेबाइतकाच. मधला मोठा भाग जवळजवळ सपाट. म्हणून लांब तुकड्यात भेग मधोमध पडते असं म्हणता येत नाही, त्या सपाट भागात जिथे माती कच्ची तिथे पडते. तुकडे लहान होत गेले की सपाट भाग संपतो आणि मग भेगा खरोखर मधोमध पडू लागतात. जखडलेला ताण ताणशक्तीच्या दुप्पट असेल तेव्हा ३९.५ मिलिमीटरहून लांब तुकडा तुटला पाहिजे आणि आखूड टिकला पाहिजे. गणकानेही तसंच दाखवलं.

६ मार्च

समभुज त्रिकोणांची जाळी, १०,००० च्या वर गाठी. चित्र पाहताक्षणी सुंदर षटकोनी खपल्या, सांधे १२० अंशांचे. आणि साफ चुकीचे. जाळी ३० अंशांनी फिरवून पुन्हा चालवली तर सगळ्या भेगाही ३० अंशांनी फिरल्या. भेगा मातीच्या नव्हत्या, जाळीच्या होत्या. नियमित जाळीत तुटायला सोपे असे तीनच रस्ते असतात आणि भेग त्यांच्यावरूनच जाते. जाळी फिरवून बघणं ही दहा मिनिटांची तपासणी आहे आणि ती प्रत्येक नव्या जाळीवर केलीच पाहिजे.

१० मार्च

अनियमित जाळी. बिंदू यादृच्छिक टाकले, दोन बिंदू २ मिलिमीटरहून जवळ येणार नाहीत एवढी अट, आणि डेलोनेच्या रीतीने (शेजारचे बिंदू त्रिकोणांत जोडणाऱ्या) जोडले. पहिल्या फेरीत सगळ्या स्प्रिंगांना एकच ताठरता दिली होती. परिणाम असा की एकसारखं आकुंचन आणि एकसारखी पकड असूनही काही स्प्रिंगांवर सरासरीच्या दीडपट ताण येत होता, निव्वळ बिंदूंच्या मांडणीमुळे. आता प्रत्येक स्प्रिंगची ताठरता दोन बिंदूंमधल्या व्होरोनोई कडेच्या (त्या दोन बिंदूंच्या वाट्याच्या क्षेत्रांमधल्या सीमेच्या) लांबीच्या प्रमाणात आणि स्प्रिंगच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात आहे. तुटण्याचं बलही त्याच कडेच्या लांबीने गुणायचं. हे दुसरं विसरलं तर आखूड कडांच्या स्प्रिंगा कधी तुटतच नाहीत आणि भेगांमध्ये मध्येच पूल राहतात.

तोडण्याची रीत: आकुंचन किंचित वाढवायचं, जाळी पूर्ण समतोलात आणायची, मर्यादेपेक्षा सर्वांत जास्त ताणलेली एकच स्प्रिंग तोडायची, पुन्हा समतोल, पुन्हा शोध. एकही मर्यादेबाहेर नसेल तेव्हाच आकुंचनाची पुढची पायरी. वेळ वाचवायला एका फेरीत मर्यादेबाहेरच्या सगळ्या स्प्रिंगा तोडून पाहिल्या. त्यात भेगांऐवजी ट्रेभर तुटक ठिपके आले, कारण एक स्प्रिंग तुटली की शेजारच्यांचा ताण उतरतो आणि टोकाच्या पुढचीचा वाढतो. तो बदल होऊ द्यायच्या आधीच शेजारच्या तोडल्या गेल्या होत्या.

समतोल किती काटेकोर हवा हेही तपासलं. उरलेलं असंतुलित बल तुटण्याच्या बलाच्या १०,००० व्या भागाखाली नेलं की क्रम बदलत नाही. १०० व्या भागावर थांबलं की भेगांची वळणं नाहीशी होतात आणि त्या एकमेकींना कशाही कोनात कापतात. ट्रेमधलं ते अखेरचं ८-१० मिलिमीटरचं वळण या काटेकोरपणावरच अवलंबून आहे.

१७ मार्च

भेगा थांबेनात. आकुंचन वाढत जातं तशा खपल्या निम्म्या होत राहतात, शेवटी प्रत्येक खपलीत चार-पाच गाठी उरतात. ट्रेमध्ये असं होत नाही. तिथे ठरावीक आकारानंतर नव्या भेगा जवळपास थांबतात आणि आहेत त्याच रुंदावतात.

चूक तळाच्या स्प्रिंगांमध्ये. त्या कितीही ताणल्या तरी धरून ठेवत होत्या, म्हणजे पकडीला अंत नव्हता. खरा तळ २.४ किलोपास्कलला सरकतो. प्रत्येक गाठीच्या वाट्याला सरासरी ९ चौरस मिलिमीटर, म्हणून तिची तळाची मर्यादा ०.०२२ न्यूटन. बल याहून वाढलं की गाठीचा खालचा टेकू तितका सरकवायचा.

घसरण आली की अंतराचं सूत्र फारच साधं होतं. भेगेपासून मध्याकडे जाताना तळ थोडी थोडी ओढ जमा करतो. मध्याशी जमलेली ओढ ताणशक्तीइतकी झाली तरच नवी भेग. तुटू शकणारी सर्वांत लहान लांबी = २ × जाडी × ताणशक्ती ÷ घसरण-मर्यादा. आकडे घातले: २ × ७.१ × २.५, साधारण ३५.५ मिलिमीटर. याहून लांब तुकडा तुटतो, त्याचे निम्मे टिकतात, म्हणून सरासरी अंतर यांच्या मध्ये, २७ च्या आसपास. ट्रेमध्ये दोन्ही दिशांना २० रेषा आखून छेद मोजले होते. सरासरी २७ मिलिमीटर.

क्रमाची काळजी इथेही: आधी सगळी घसरण पुरी होऊ द्यायची, मग तुटणं तपासायचं. उलट केलं तेव्हा खपल्यांची संख्या दीडपटीहून जास्त आली.

२३ मार्च

गाठींमधलं अंतर ३ वरून १.५ मिलिमीटर केलं, आणि पहिली भेग बरीच लवकर येऊ लागली. बदललं काहीच नव्हतं, फक्त जाळी बारीक झाली होती. प्रत्येक स्प्रिंगची ताकद स्वतंत्रपणे यादृच्छिक निवडत होतो. स्प्रिंगा चौपट झाल्या की त्यातली सर्वांत कच्ची आणखी कच्ची निघणारच. यादृच्छिकता जाळीला नको, मातीला द्यायला हवी. आता ताकदीचा नकाशा आधी काढतो, त्यातले चढउतार ६ मिलिमीटरच्या लांबीवर बदलतात, आणि स्प्रिंग कुठेही असली तरी त्या जागेची ताकद नकाशातून घेते. ३ आणि १.५ दोन्ही जाळ्यांत पहिली भेग आता एकाच ठिकाणी आणि जवळपास एकाच ओलीला येते.

३० मार्च

तीन जाड्या, कुठलाही आकडा मागाहून न जुळवता. सरासरी अंतर, आधी ट्रे मग जाळी: ५ मिलिमीटरला १५ आणि १४; १० ला २७ आणि २७; २० ला ४९ आणि ५५.

२० चा फरक समजतो. एक, ३०० मिलिमीटरच्या ट्रेत त्या जाडीला एका बाजूला जेमतेम सहा खपल्या बसतात आणि त्यातल्या बऱ्याच कडेच्या. दोन, जाड थरात वरचा भाग आधी वाळतो आणि भेग वरून सुरू होऊन खाली जाते. जाळीतली भेग मात्र एकदम आरपार असते. वरच्या अर्ध्या थरातल्या भेगा पातळ थराच्या अंतराने पडतात आणि त्यातल्या काहीच पुढे तळापर्यंत पोचतात. २० साठी ६०० मिलिमीटरचा ट्रे आणि दोन थरांची जाळी लागेल.

५ एप्रिल

उलट तपासणी. काचेच्या तळाला ग्रीसचा पूर्ण हात, बाकी सगळं तेच, १० मिलिमीटर. थर आक्रसत गेला, चारही कडांपासून आत आला आणि फक्त एक भेग पडली, तीही एका राहिलेल्या बुडबुड्यापासून. माती तीच, आकुंचन तेच, ताणशक्ती तीच. जाळीत घसरण-मर्यादा ०.१ किलोपास्कल केली की तुटण्याची लांबी ट्रेपेक्षा मोठी होते आणि एकही भेग पडत नाही. भेगा म्हणजे मातीचा गुण म्हणून जे मोजलं जातं त्यात तळाचा वाटा केवढा आहे हे या एका ट्रेने दाखवलं. म्हणून पुढच्या प्रत्येक नोंदीत तळ कसला होता हे ओलीइतक्याच काटेकोरपणे लिहायचं.

२४ एप्रिल

ओलं-सुकं करण्याच्या तीन फेऱ्या झाल्या. वाळलेल्या खपल्यांवर एकदम पाणी ओतायचं नाही. आत कोंडलेली हवा दाबली जाते, खपली फुटून तिचा भुगा होतो आणि तो भेगांत जाऊन बसतो. झाकणाखाली ओलं फडकं ठेवून दोन दिवस हळूहळू ओल द्यायची, मग फवारा. ७० टक्के ओलीला भेगा वरून मिटलेल्या दिसतात.

मिटलेल्या असतात, जुळलेल्या नसतात. पहिल्या फेरीत ६२ टक्क्यांना उघडलेली भेग दुसऱ्या फेरीत ६७ टक्क्यांनाच दिसली, त्याच रेषेवर. जाळीत मिटलेल्या स्प्रिंगांना मूळ ताकदीच्या ३० टक्के दिले तर हे जुळतं.

कोन बघण्यासारखे आहेत. कडेचे ३० मिलिमीटर सोडून मोजलेल्या १५२ सांध्यांपैकी पहिल्या फेरीत १२१ काटकोनी होते. तिसऱ्या फेरीत १४९ पैकी ९८. वारंवार वाळणाऱ्या मातीत सांधे हळूहळू १२० अंशांकडे सरकतात. दर फेरीत भेगा उघडण्याचा क्रम बदलतो: कालची आडवी येऊन मिळालेली भेग आज आधी उघडते, आणि कालची सरळ भेग तिच्याकडे थोडी वळते. सांधा दर वेळी एक-दोन मिलिमीटर हलतो. जाळीतही सांधे हलतात, पण निम्म्याच वेगाने. मिटलेल्या भेगेची ताकद सगळीकडे सारखी धरली आहे हे कारण असावं. सांध्याजवळ माती जास्त ढासळलेली असते, तिथे ताकद आणखी कमी हवी.

२ मे

५ मिलिमीटरच्या थरात पोपडे. खपल्यांच्या कडा १ ते दीड मिलिमीटर वर उचलल्या गेल्या आहेत. एक खपली अलगद उलटून पाहिली: खाली मध्यभागी गडद ओलसर गोल, बाहेरचा भाग फिका आणि कोरडा, वाळूचे ठसे फक्त गोलाच्या आत. म्हणजे तळाशी संपर्क तेवढाच उरला होता. कडा उचलल्यावर पकडीचं क्षेत्र घटतं, तळाची ओढ कमी जमते आणि खपली पुढे तुटत नाही. या जाडीला ट्रेच्या १५ आणि जाळीच्या १४ मिलिमीटर अंतरांमधला फरक इथून आला असेल.

सपाट जाळीत उचलणं बसत नाही. तात्पुरता उपाय म्हणून कडेपासून ठरावीक अंतरापर्यंतच्या गाठींची घसरण-मर्यादा शून्य करून बघायची. ते अंतर किती, हे ४०, ३० आणि २० टक्के ओलीला थांबवलेल्या तीन ट्रेंमधल्या खपल्या उलटून, ओल्या गोलांची त्रिज्या मोजून ठरेल. तीन ट्रे आज ओतले.